घरी जोडलेला पीसी चालूच होत नाही, बोर्डवरचा दिवा मात्र लागतो (सांगली)

कृष्णाकाठची
शुक्रवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला आणि तो चालूच होत नाहीये. दुपारी दोनपासून जमिनीवर सामान मांडून बसलेय, आता डोकं चालेना म्हणून इथे विचारते.

सामान असं: रायझन ५ ५६००जी, बी५५० चा मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क आणि ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारी पेटी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही; ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं म्हणून तोच घेतला. बोर्ड आणि प्रोसेसर भावाने पुण्याहून, तपकीर गल्लीतून आणला, बाकीचं ऑनलाइन मागवलं. कॅबिनेट घरातलंच, आधीच्या पीसीचं.

एसएमपीएसचं मागचं बटण चालू केलं की बोर्डच्या कडेला एक छोटा दिवा लागतो. पण कॅबिनेटचं पॉवर बटण दाबलं की काहीच नाही. पंखा हलत नाही, आवाज नाही, बीप नाही. २४ पिनांचा कनेक्टर दोनदा काढून घातला, खटकन बसल्याचा आवाज येतो. प्रोसेसरजवळचा ८ पिनांचाही घातलाय. रॅमही काढून परत लावून झाल्या.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टची ड्रॉइंग आणि जीआयएसचं (संगणकावरच्या नकाशांचं) काम याच्यावर करायचंय. दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत, त्यामुळे काही जळलं असेल का या विचारानेच पोटात गोळा येतोय. काय बघू, क्रमाने सांगाल का?

हळदगल्ली
शुक्रवार, रात्री ११:०३

बोर्ड गेलाय ताई. माझ्या मित्राचं अगदी असंच झालेलं, दिवा लागायचा आणि पुढे काही नाही. आणला त्याच दुकानात परत द्या, सात-आठ दिवसांत बदलून देतात. उगाच उघडझाक करत बसू नका.

अजिंक्यताऱ्याखाली
शुक्रवार, रात्री ११:२१

हळदगल्ली, इतक्या लवकर बोर्डवर शिक्का मारू नका. दिवा लागतोय यातून बरंच कळतं.

ताई, एसएमपीएसचे दोन भाग समजा. एक छोटा भाग भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत कायम जागा असतो, तो ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा. जुन्या वायरींत याची वायर जांभळी असायची. तुमच्या बोर्डवरचा दिवा त्याच्यावर लागतो. दुसरा मोठा भाग, म्हणजे १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा, झोपलेला असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा बोर्ड एसएमपीएसच्या १६ नंबरच्या पिनेला, म्हणजे हिरव्या वायरीला, ग्राउंडला (शून्य व्होल्टला) ओढतो आणि मोठा भाग जागा होतो. म्हणजे कॅबिनेटचं बटण थेट वीज चालू करतच नाही, ते फक्त बोर्डला खूण करतं. ती खूणच पोचत नसेल तर बाकी सगळं धडधाकट असूनही नेमकं हेच दिसणार.

म्हणून आधी बटण बाजूला काढू. बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात समोरच्या पॅनेलच्या पिना असतात. पुस्तिकेत त्यांचं चित्र आहे. पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, त्यांच्यावरची कॅबिनेटची वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना एक क्षणभर एकमेकींना टेकवा. इथे फक्त खुणेपुरता पुरवठा असतो, शॉक बसत नाही. शेजारच्या पिनांना मात्र टोक लागू देऊ नका.

आणखी एक. ८ पिनांची वायर प्रोसेसरचीच आहे ना? ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला सारखी असली तरी तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट असतात. प्रोसेसरची ४+४ अशी सुटी होते, कार्डाची ६+२ अशी.

कृष्णाकाठची
शुक्रवार, रात्री ११:५४

वायर ४+४ चीच आहे, तिच्यावर सीपीयू असं छापलंय.

स्क्रूड्रायव्हर लावून बघितला आणि काहीतरी झालं! प्रोसेसरवरचा पंखा पाव वेढा फिरला आणि थांबला. एसएमपीएसमधून टक असा आवाज आला. मग परत लावला तर काहीच नाही. मागचं बटण बंद करून चालू केलं, परत तसंच, पाव वेढा आणि थांबला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

हे चांगलं लक्षण की वाईट?

हळदगल्ली
शनिवार, सकाळी ६:१०

मग एसएमपीएस कमी पडतोय. ७५० चा घ्या.

जुना_सोल्डर
शनिवार, सकाळी ६:४२

मिरजेहून लिहितोय. तीस वर्षं टीव्ही, यूपीएस आणि एसएमपीएस दुरुस्त केले, आता डोळ्यांमुळे बंद केलंय.

पहिलं म्हणजे ५५० वॅट भरपूर आहेत. ५६००जी हा ६५ वॅटचा प्रोसेसर, वर कार्ड नाही. तुमचा अख्खा पीसी जोर लावून चालला तरी एसएमपीएस अर्ध्यावरही जाणार नाही. पैसे घालवू नका.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे एक नव्हे, दोन बिघाड आहेत आणि ते एकमेकांवर बसलेत. कॅबिनेटच्या बटणाने काहीच होत नाही आणि स्क्रूड्रायव्हरने पंखा हलतो, म्हणजे बटण किंवा त्याची वायर खराब. हा एक. पंखा हलून थांबतो, हा दुसरा. एसएमपीएस जागा होतो, त्याला कुठेतरी शॉर्ट किंवा न पेलणारा भार दिसतो आणि तो स्वतःला बंद करून घेतो. त्या टक आवाजाला घाबरू नका, तो जळला नाही, त्याने स्वतःला वाचवलंय. बरेच एसएमपीएस असे एकदा बंद झाले की मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय पुन्हा जागे होत नाहीत. दुसऱ्यांदा लगेच काही झालं नाही ते त्यामुळे.

पण आता पुन्हा पुन्हा लावून बघू नका. प्रत्येक वेळी तो शॉर्ट काहीतरी तापवत असतो. मल्टिमीटर आहे का घरी? साधा डिजिटल चालेल.

कृष्णाकाठची
शनिवार, सकाळी ८:१५

काका, बाबांचा जुना मल्टिमीटर आहे, बॅटरी नवी टाकली. आता हात लावत नाही, तुम्ही सांगाल तसंच करते.

एक सांगायचं राहिलं. काल आत हात घालताना मनगट कॅबिनेटच्या पत्र्याला लागलं की झिणझिण्या येत होत्या. जोरात नाही, मुंगी चालल्यासारख्या. मला वाटलं थंडीने. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

कुपवाडचा_पॅनेलवाला
शनिवार, सकाळी ८:३१

ताई, आधी थांबा. प्लग भिंतीतून काढा, मगच पुढचं वाचा.

त्या झिणझिण्या अर्थिंग नसल्याच्या आहेत. मी एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करतो, ही तक्रार घराघरांत ऐकतो आणि लोक ती हसण्यावारी नेतात. प्रत्येक एसएमपीएसमध्ये वीज आत येते तिथे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. कॉम्प्युटरमधला उच्च वारंवारितेचा गोंगाट घराच्या लाइनवर जाऊ नये म्हणून ते बसवतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा जरासा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११०-११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट एक मिलिअॅम्पिअरपेक्षाही कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या एसएमपीएसमध्ये खरंच फेज बॉडीला टेकली, तर ती वाट काढून द्यायला अर्थ नाही आणि तुमचा हात त्या पत्र्यावर असेल.

पीसी सुरू न होण्याचं कारण हे बहुधा नाही. पण हे नीट झाल्याशिवाय त्या कॅबिनेटमध्ये प्लग लावलेला असताना हात घालायचा नाही. घरात मोठं कुणी असेल त्यांना सॉकेट तपासू द्या. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर, पायात रबरी चप्पल, पिना धरताना बोटं मागे. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ, असे तीन आकडे हवेत. वरचं मोठं भोक अर्थचं.

कृष्णाकाठची
शनिवार, सकाळी ९:४०

बाबांनी तपासलं. फेज-न्यूट्रल २३१. फेज-अर्थ ४० ते ६० च्या मध्ये, आकडा थांबतच नाही. न्यूट्रल-अर्थही असाच हलतो, कधी ८, कधी २०.

स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ दीड.

कुपवाडचा_पॅनेलवाला
शनिवार, सकाळी ९:४८

म्हणजे घराला अर्थिंग आहे, त्या खोलीपर्यंत पोचलेलं नाही. खोलीच्या बोर्डात हिरवी वायर सुटलेली किंवा जोडलीच नसेल. वायरमनला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे. तोवर पीसी स्वयंपाकघरात न्या. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून दोन पिनांत घालायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका.

जुना_सोल्डर
शनिवार, सकाळी १०:२०

पॅनेलवाल्यांचं बरोबर आहे, मीही आधी हेच सांगायला हवं होतं.

आता एसएमपीएसची परीक्षा. तो कॅबिनेटमधून काढा, सगळ्या वायरी मोकळ्या करा. मागचं बटण बंद असतानाच २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १६ नंबरची पिन आणि कुठलंही एक ग्राउंड वायरीच्या छोट्या तुकड्याने जोडा. हल्ली सगळ्या वायरी काळ्या असतात, रंगावर जाता येत नाही, म्हणून पुस्तिकेतल्या आकृतीवरून मोजा आणि दोनदा मोजा. जुनी हार्डडिस्क असेल तर तिला वीज द्या, थोडा भार असलेला बरा. मग बटण चालू करा आणि डीसी २० व्होल्टवर मोजा.

१२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४७. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं.

आणि एसएमपीएसची पेटी स्वतः उघडायची नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. मी इतकी वर्षं हेच काम केलं आणि तरी प्रत्येक वेळी आधी तो रिकामा झालाय का हे मोजूनच हात लावायचो.

कृष्णाकाठची
शनिवार, दुपारी १२:०५

केलं. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बाबा आणि मी.

१२.११, ५.०४, ३.३३. जांभळ्या वायरीच्या जागी ५.०७. जुनी हार्डडिस्क फिरायला लागली आणि पाच मिनिटं फिरत राहिली. एसएमपीएस चांगला आहे ना?

जुना_सोल्डर
शनिवार, दुपारी १२:११

उत्तम आहे. इतक्या हलक्या भारावरून जोर लावल्यावर कसा वागेल ते कळत नाही, पण सुरू होण्यापुरती शंका मिटली.

आता बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढा आणि तो ज्या खोक्यातून आला त्या पुठ्ठ्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, त्या पिशवीच्या पृष्ठभागातून थोडी वीज वाहू शकते. बोर्डवर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, २४ पिना, ८ पिना. एनव्हीएमईसुद्धा काढा. मॉनिटर लावा. मग स्क्रूड्रायव्हर.

सेतूपलीकडे
शनिवार, दुपारी १२:३०

मध्येच बोलतो, प्रोसेसर काढून पिना बघायला सांगू नका हो तिला अजून. एएम४ जातीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे तिच्याकडे आहे तसल्या, पिना प्रोसेसरला असतात; पंखा आणि प्रोसेसरमधली पेस्ट चिकटली असेल तर पंखा ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. माझा तसा आलेला. तो शेवटचा उपाय ठेवा.

जुना_सोल्डर
शनिवार, दुपारी १२:३४

नाही सांगत. जिथे आहे तिथेच राहू दे.

कृष्णाकाठची
शनिवार, दुपारी १:२२

चालू झाला!!!

पुठ्ठ्यावर. पंखा फिरतोय, थांबला नाही, आणि मॉनिटरवर बायोसची (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगची) पाटी आली. रॅम ८ जीबी, प्रोसेसरचं नाव बरोबर दाखवतोय. आईला हाक मारून दाखवलं. तिला त्यातलं काही कळत नाही, पण तीही उभी राहून बघत होती.

अजिंक्यताऱ्याखाली
शनिवार, दुपारी १:३०

अभिनंदन! म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस सगळं शाबूत. काल रात्री बोर्ड दुकानात परत दिला असता तर त्यांच्याकडे तो चालला असता आणि तसाच परत आला असता.

आता संशय कॅबिनेटवर. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब, मोजा. कॅबिनेट जुनं म्हणालात. त्यात आधी मोठा एटीएक्स बोर्ड असेल, तर त्याचे स्टँडऑफ तसेच राहिले असतील. तुमचा मायक्रो-एटीएक्स लहान आहे. त्याला भोक नाही अशा ठिकाणी एखादा स्टँडऑफ असला तर तो मागून बोर्डच्या सोल्डरला टेकतो.

कृष्णाकाठची
शनिवार, दुपारी २:१५

एक जास्तीचा होता! अगदी मधोमध, आणि बोर्डच्या मागे त्या जागी बारीक ओरखडाही आहे. काढला. बोर्ड परत बसवला, सगळं जोडलं.

आणि परत तेच. पंखा पाव वेढा, टक, बंद.

आता खरंच रडू येतंय. पुठ्ठ्यावर चालतो आणि कॅबिनेटमध्ये नाही.

जुना_सोल्डर
शनिवार, दुपारी २:२८

रडू नका. तुम्ही फार सावकाश आणि नीट करताय. तो स्टँडऑफ कधी ना कधी त्रास देणारच होता, निघाला ते बरं झालं.

पुठ्ठ्यावर काय काय नव्हतं ते आठवा. दुसरी रॅम नव्हती, एनव्हीएमई नव्हती, कॅबिनेटचा पत्रा नव्हता, आणि कॅबिनेटच्या समोरून येणाऱ्या वायरी नव्हत्या. या चारांपैकीच एक आहे. कॅबिनेटबद्दल जरा सांगा. किती जुनं, कुठे होतं?

कृष्णाकाठची
शनिवार, दुपारी २:५०

काका, हे आधीच सांगायला हवं होतं.

कॅबिनेट २०१३ चं. बाबा बेदाण्याच्या अडत्यांचे हिशेब लिहितात, त्यांच्या टॅलीसाठी घेतलेलं. आम्ही सांगलीवाडीत राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. आमचा खालचा मजला बुडाला. आम्ही वर होतो, मग बोटीने बाहेर काढलं. कॉम्प्युटर टेबलावर ठेवून आलो होतो, वाटलं तिथवर नाही येणार. परत आलो तेव्हा टेबलच तरंगून उलटं झालं होतं आणि कॅबिनेट गाळात होतं.

आतलं सगळं टाकावं लागलं. पण बाबांनी कॅबिनेट टाकलं नाही. पाइपने धुतलं, उन्हात ठेवलं, गंज घासून काळा रंग मारला. पत्रा जाड आहे, आताच्या कॅबिनेटपेक्षा चांगला. मी पीसी जोडणार म्हटल्यावर त्यांनीच माळ्यावरून काढून दिलं, तीन हजार वाचतील म्हणाले. वायरिंगही तेव्हाच खालच्या मजल्याचं नवीन केलं होतं. अर्थची वायर त्याच वेळी राहिली असणार.

जुना_सोल्डर
शनिवार, दुपारी ३:०४

कळलं. २००५ ला आणि २०१९ ला मी पुरातली यंत्रं शेकड्याने उघडली आहेत. तुमच्या वडिलांनी पत्रा नीट सांभाळला. पत्र्याला पाण्याने फार काही होत नाही. पण पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो, गटार असतं, खत असतं. तो गाळ स्विचच्या आत, यूएसबीच्या खोबणीत, छोट्या सर्किटच्या पट्टीवर बसतो, वाळतो, आणि प्रत्येक पावसाळ्यात हवेतला ओलावा धरून तांबं खात राहतो. बाहेरून काही दिसत नाही.

समोरच्या पॅनेलच्या सगळ्या वायरी बोर्डवरून काढा. पॉवर, रिसेट, दिवे, ऑडिओ, यूएसबी, सगळ्या. बोर्ड कॅबिनेटमध्येच राहू दे. मग स्क्रूड्रायव्हर.

कृष्णाकाठची
शनिवार, दुपारी ३:२१

चालू झाला. कॅबिनेटच्या आत. काढलेल्या वायरींपैकी एकही न लावता.

जुना_सोल्डर
शनिवार, दुपारी ३:२४

आता बंद करा, प्लग काढा. वायरी एकेक लावून चोर शोधता येईल, पण तसं करताना शॉर्ट परत बोर्डवर घालणार. त्यापेक्षा मल्टिमीटर कंटिन्यूटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजते त्या खुणेवर) ठेवा आणि वायरी हातात धरून तपासा.

यूएसबी २ च्या कनेक्टरला दोन ओळींत पाच-पाच जागा असतात, त्यातली एक बुजलेली. ती ९ नंबरची. तिच्या विरुद्ध टोकाच्या दोन, १ आणि २, म्हणजे ५ व्होल्ट. ७ आणि ८ म्हणजे ग्राउंड. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये बीप वाजायला नको. मग पॉवर आणि रिसेटच्या वायरी बघा. बटण दाबलं की बीप, सोडलं की गप्प.

कृष्णाकाठची
शनिवार, दुपारी ४:०२

पॉवरचं बटण: दाबलं तरी बीप नाही. खूप जोरात दाबून धरलं तर कधीतरी खरखर.
रिसेटचं बटण: दाबलं की बीप, सोडलं की गप्प. व्यवस्थित.
यूएसबी: १ आणि ७ मध्ये गप्प. २ आणि ८ मध्ये लांबलचक बीप, हात काढेपर्यंत. ओहमवर ०.६.

मोबाइलचा उजेड टाकून उजव्या बाजूचं यूएसबी पोर्ट बघितलं. आतली प्लास्टिकची जीभ अर्धी तुटलीय, कडेची पिन वर वळून बाहेरच्या पत्र्याला टेकलीय, आणि दोघांवर मिळून तपकिरी थर आहे.

बाबांना विचारलं. पुरानंतर पोर्टमध्ये गाळ दगडासारखा वाळला होता, तो त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढला होता. ते काही बोलले नाहीत, पोर्टकडे बघत बसले.

जुना_सोल्डर
शनिवार, दुपारी ४:१५

सापडला. यूएसबीची कडेची पहिली पिन ५ व्होल्टची आणि भोवतीचा पत्रा ग्राउंड. पिन वाकून पत्र्याला लागली म्हणजे ५ व्होल्टची लाइन सरळ ग्राउंडला. बोर्ड जागा झाला, मोठी ५ व्होल्टची लाइन यूएसबीला जोडली गेली, एसएमपीएसला शॉर्ट दिसला, तो बंद. तुमची चारही वेळची लक्षणं याच्यात बसतात. नुसत्या स्टँडबायवर दिवा का टिकला, तर बोर्डवर यूएसबीच्या वाटेवर सहसा छोटा फ्यूज असतो, तो तापला की स्वतः अडवतो आणि गार झाला की परत सोडतो. स्टँडबायचा थोडा पुरवठा त्याने सांभाळला असावा.

वडिलांना सांगा, त्या गाळात सगळेच तसं करत होते. मीही केलंय. आणि त्यांनी कॅबिनेट ठेवलं म्हणून आज तुमच्या हातात चांगला जाड पत्रा आहे.

आता उपाय. समोरचं यूएसबी बोर्डला लावूच नका. दुसरं पोर्ट आज चांगलं वाटलं तरी त्याच गाळातलं आहे. कनेक्टरला टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवा, मागच्या बाजूची पोर्ट भरपूर आहेत. ऑडिओचीही वायर नको. आणि पॉवरच्या पिनांवर रिसेटच्या बटणाची वायर लावा. दोन्ही बटणं एकाच जातीची असतात, दाबलं की जोडणारी आणि सोडलं की तोडणारी, उलट-सुलट कशीही लावली तरी चालतात. रिसेटच्या पिना मोकळ्या राहिल्या तर काही अडत नाही.

सेतूपलीकडे
शनिवार, दुपारी ४:२०

वेगळं बटण हवं असेल तर दाबून सुटणारं पुश बटण इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात वीस-तीस रुपयांना मिळतं. घंटीचं बटणसुद्धा चालतं. दाबल्यावर दबलेलंच राहणारं मात्र नको, पॉवर चार-पाच सेकंद धरून ठेवल्यासारखं होईल आणि पीसी लगेच बंद पडेल.

हळदगल्ली
शनिवार, संध्याकाळी ५:०५

ताई, मी दोन्ही वेळा चुकीचं सांगितलं, माफ करा. मित्राचा बोर्डही आम्ही न तपासताच बदलायला दिला होता. त्याचं कॅबिनेट गावभागातल्या दुकानात, त्याच पुरातलं होतं. आज रात्री त्याला ही यूएसबीची तपासणी करायला सांगतो, बदललेला बोर्डही महिन्यात दोनदा बंद पडलाय.

जुना_सोल्डर
शनिवार, संध्याकाळी ५:१२

जरूर सांगा. आणि तपासून झाल्यावर इथे लिहा.

कृष्णाकाठची
रविवार, दुपारी १२:३५

उशीर झाला लिहायला. सकाळी वायरमन आले होते. खोलीच्या बोर्डात हिरवी वायर मागे गुंडाळून तशीच सोडलेली सापडली, टोकाचं तांबंही सोललेलं नव्हतं. जोडून दिली. आता त्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ १.२. त्याच ओळीतले आणखी दोन सॉकेट तसेच होते, तेही केले. वॉशिंग मशीन त्यातल्या एकावर चालायचं. आई म्हणाली, मशीनला ओला हात लागला की तिला कायम मुंग्या यायच्या, तिने कधी सांगितलंच नव्हतं.

पीसी चालू आहे. रिसेटचं बटण आता पॉवरचं झालंय, बाबांनी त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. समोरची यूएसबी पोर्ट त्यांनीच पट्टी कापून बुजवली. दोन्ही रॅम लावल्या, पण १६ जीबी दिसताना वेग २४०० दाखवतोय, खोक्यावर ३२०० आहे. हे काय?

अजिंक्यताऱ्याखाली
रविवार, दुपारी १२:४१

बिघाड नाही. बोर्ड सुरुवातीला रॅम सुरक्षित वेगावर चालवतो. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवायची सोय, चालू करा. आणि रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना बघा. तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, त्यामुळे दोन्ही नीट जोडीने असण्याचा तुम्हाला जास्तच फायदा.

कृष्णाकाठची
रविवार, दुपारी १:१०

पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत होत्या. बदलल्या, एक्सएमपी चालू केलं. ३२०० झाला.

काका, शेवटचं एक. जूनपासून परत ओल सुरू होईल. खालच्या खोलीतल्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, रंगाखालूनही दिसते. मी मोजली, जमिनीपासून चार फूट सात इंच. पीसी कुठे ठेवू?

जुना_सोल्डर
रविवार, दुपारी १:१८

वरच्या मजल्यावर. बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवर नाही, स्टुलावर. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. आणि तिथल्या सॉकेटचं अर्थिंग आधी मोजा.

कृष्णाकाठची
रविवार, दुपारी १:५५

मोजलं. २३०, २२९, १.१. बाबा आणि भाऊ टेबल जिन्यावरून वर नेतायत.